आरडीचे पैसे, फुल फ्रेम आणि जत्रेतली रात्र

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या ताई सिंधुदुर्गातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवतात. निकॉनचा डी ५६०० आणि सोबत आलेल्या १८-५५ व ७०-३०० या दोन लेन्स, एवढ्यावर त्यांचा फोटोग्राफीचा छंद बरीच वर्षं चालला आहे. जत्रेतले दशावतार, पहाटेची रापण (किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेली मासेमारी) आणि खाडीवरचे पक्षी हे त्यांचे विषय. रात्रीच्या नाटकाचे फोटो मात्र दाणेदार येतात आणि राजा नाचायला लागला की चेहरा हलतो. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे ताईंच्या कॅमेऱ्यातल्यासारख्या प्रकाश टिपणाऱ्या लहान चिपवर, रात्रीचं काम होतच नाही, मोठ्या चिपचा फुल फ्रेम कॅमेरा घ्या, असं त्यांना फोटोग्राफीच्या ग्रुपवर सांगण्यात आलं. ओळखीच्या एका स्टुडिओवाल्याने तर "फुल फ्रेम घेतलात तर लग्नाच्या ऑर्डरला नेतो, दोन सीझनमध्ये पैसे वसूल" असंही सुचवलं. आरडीचे १,८०,००० रुपये नुकतेच हातात आले आहेत. पडवीचं छप्पर मात्र पावसाआधी दुरुस्त करायचं आहे. मिस्टरांचं म्हणणं, "फोनात येतत ते काय वायट?" ताई विचारतात, "माझ्यासारख्या हौशी बाईने इतका महाग कॅमेरा घेणं शोभतं का? आणि घेतला तर माझे दशावताराचे फोटो सुधारतील ना?"

ताई, दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं बरंचसं उत्तर तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या फोटोंमध्येच आहे. मागे उजळ पडदा, बाकड्यासमोर गिरकी घेणारा राजा, हात सुंदर उचललेला आणि चेहरा पुसट. फोटोतली माहिती पाहिली: ५५ मिमी (लेन्स किती जवळचं दाखवते ते), एफ ५.६ (लेन्स किती उघडी आहे ते; आकडा लहान तितकी जास्त उघडी), शटर १/६० सेकंद, आयएसओ ६४०० (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील आहे ते; वाढवला की दाणे वाढतात). जवळजवळ सगळ्या नापसंत फोटोंमध्ये हेच आकडे आहेत. म्हणजे अडचण एकच आहे आणि तीच पुन्हा पुन्हा येते आहे. तुमची किट लेन्स ५५ मिमीवर एफ ५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही. तेवढ्या लहान वाटेने येणारा प्रकाश पुरत नाही म्हणून शटर मंदावतं, आणि १/६० ला नाचणारा माणूस हलणारच.

आता फुल फ्रेम इथे किती मदत करेल ते पाहू. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, तुमचा २३.५ बाय १५.६ चा. क्षेत्रफळ जवळजवळ २.३५ पट. तशीच चौकट, तोच अॅपर्चर (एफचा आकडा) आणि तेच शटर ठेवलं, तर मोठ्या सेन्सरला साधारण सव्वा स्टॉपचा फायदा मिळतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). हा फायदा खरा आहे, डोळ्यांना दिसतो, तो मी नाकारणार नाही. पण तुमच्या बजेटमध्ये येणाऱ्या फुल फ्रेमसोबत कोणती लेन्स मिळते हेही बघा. निकॉनची झेड मालिकेतली २४-५० आणि कॅननची आरएफ २४-५० या दोन्ही छोट्या झूम लेन्स लांबच्या टोकाला एफ ६.३ वर येऊन थांबतात. म्हणजे सेन्सरने सव्वा स्टॉप दिला आणि लेन्सने त्यातला एक तृतीयांश स्टॉप परत घेतला. पदरात पडला जेमतेम एक स्टॉप. १/६० चं शटर १/१२५ होईल. सावकाश चालणारं पात्र त्यात स्थिर येईल, गिरकी घेणारा राजा येणार नाही.

याउलट तुमच्या आहे त्या कॅमेऱ्यावर ५० मिमी एफ १.८ लेन्स लावली, तर एफ ५.६ च्या मानाने जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. सव्वातीन स्टॉप. त्याच रात्री, त्याच उजेडात, १/६० च्या जागी १/२५० मिळेल आणि आयएसओ ६४०० वरून २५०० च्या आसपास उतरेल. हालचालही थांबेल, दाणेही कमी होतील. ही लेन्स दहा-वीस हजारांच्या टप्प्यात येते, वापरलेली आणखी स्वस्त मिळते. तुमच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे घेताना 'एएफ-एस' आणि 'जी' लिहिलेलीच घ्या. जुनी 'डी' लेन्स स्वस्तात मिळाली तरी तिचा फोकस तुम्हाला हाताने करावा लागेल, आणि अंधारात नाचणाऱ्या माणसावर तो जमणं फार कठीण. ३५ मिमीचा डीएक्स (तुमच्यासारख्या लहान सेन्सरसाठी बनवलेला) पर्यायही चांगला आहे, त्यात पूर्ण रंगमंच मावतो. तरी मी तुम्हाला ५० च सुचवेन. एक तर पहिल्या रांगेत बसून कमरेपासून वरचं पात्र टिपायला ती अगदी योग्य आहे, तुमच्या सेन्सरवर ती ७५ मिमीसारखी चौकट देते. दुसरं म्हणजे ती मुळात फुल फ्रेमसाठी बनवलेली आहे. पुढे निकॉनचा मिररलेस (आत आरसा नसलेला, नव्या पद्धतीचा कॅमेरा) घेतलात, तर एफटीझेड अॅडॉप्टर, म्हणजे या लेन्स त्यावर बसवणारा जोड, लावून ऑटोफोकससह तिथेही चालेल. हे पैसे वाया जाणारे नाहीत.

एफ १.८ वर फोटोत फारच थोडा भाग स्पष्ट येतो, अशी भीती तुम्हाला कोणीतरी घालेल. चार मीटरवरून या लेन्सने काढलेल्या फोटोत साधारण दीड फुटाची खोली स्पष्ट राहते. एका पात्राला तेवढी पुरते. दोन पात्रं मागे-पुढे उभी असतील तर एफ २.८ करा.

लेन्स येईपर्यंतही काही गोष्टी करता येतील, आणि दशावताराच्या बाबतीत त्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. रंगवलेला चेहरा, चमचमणारा मुकुट आणि भोवती देवळाच्या आवारातला काळोख, असा प्रसंग कॅमेऱ्याच्या मीटरला नीट समजत नाही. तो काळोख मोजतो, प्रकाश कमी आहे असं ठरवतो आणि शटर आणखी मंद करतो. तुमच्या काही फोटोंत मुकुट पांढराफटक जळलाय तो यामुळेच. नाटक सुरू झालं की गणपती आणि रिद्धी-सिद्धीच्या प्रवेशातच मॅन्युअल मोडवर चेहरा नीट दिसेल असं एक्स्पोजर लावून घ्या आणि मग ते तसंच राहू द्या. रंगमंचावरचा उजेड रात्रभर फारसा बदलत नाही. एवढ्याने कधी कधी अर्धा ते एक स्टॉप सुटतो, एक पैसा खर्च न करता.

दुसरी गोष्ट उजेडाची. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि साधे एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० असेल तर प्रत्येक फोटोत एक किंवा दोन पूर्ण फेरे येतात आणि रंग सारखा राहतो. १/२५० ला एखादा फोटो पिवळट, एखादा अंधुक, एखाद्यात आडवा पट्टा असं होऊ शकतं. म्हणून पात्र संवादात उभं असेल, पद म्हणता म्हणता थबकलं असेल, तेव्हा १/१०० ठेवा. युद्धाच्या आणि नाचाच्या वेळी १/२५० वर सलग चार-पाच फोटो घ्या, त्यातले एक-दोन नीट निघतील. नवा मिररलेस घेतला तरी हा त्रास पूर्ण जाईलच असं नाही. त्याचं आवाज न करणारं शटर वापरलं तर बहुतेक कॅमेऱ्यांवर पट्टे उलट वाढतात.

आणि दाण्यांना इतकं घाबरू नका. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) काढत असाल तर दाणे कमी करणारी सॉफ्टवेअर आता फार पुढे गेली आहेत. हललेला चेहरा मात्र नंतर नीट करता येत नाही. दोहोंपैकी एक निवडायची वेळ आली तर आयएसओ वाढवा, शटर मंद करू नका. रात्र रात्र जागून, चेहऱ्यावर रंग घेऊन, लिहिलेली संहिता नसताना हजरजबाबी संवाद म्हणणाऱ्या त्या माणसांची एक नजर पकडली गेली, तर थोडे दाणे असूनही तो फोटो भिंतीवर लागतो. फ्लॅश तुम्ही वापरत नाही असं लिहिलंय, वाचून बरं वाटलं. तो कधीच वापरू नका.

पक्ष्यांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण निर्णयात तिचं वजन मोठं आहे. तुमची ७०-३०० तुमच्या सेन्सरवर ४५० मिमीइतकी जवळची चौकट देते. तीच लेन्स फुल फ्रेमवर लावली तर कॅमेरा सेन्सरचा मधला भागच वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचा फोटो दहा-साडेदहावर येतो. खाडीवरचा धीवर पक्षी आज जितका दिसतो त्याहून मोठा दिसणार नाही, बारकावे मात्र कमी होतील. तो तोटा भरून काढायला १५०-६०० सारखी लेन्स लागते. तिचं वजन दोन किलोच्या आसपास, आणि कॅमेऱ्यासोबत तीही घेतली तर खर्च तुमच्या आजच्या बजेटच्या बाहेर जाईल. ग्रुपवर सल्ला देणाऱ्यांनी तुम्ही पक्ष्यांचेही फोटो काढता का, हे विचारलं होतं का?

त्याच ग्रुपवर तुमच्या कॅमेऱ्याला 'खेळणं' म्हटलं गेलं, हे तुम्हाला लागलेलं पत्रातून दिसतं. त्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. ३६ बाय २४ हे माप सिनेमाच्या फिल्ममधून आलं. लायकाने १९२५ साली ती फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा काचेच्या प्लेटवर काम करणाऱ्या फोटोग्राफरांच्या मानाने हे माप अगदीच चिमुकलं होतं. त्याच चिमुकल्या मापावर पुढे विसाव्या शतकातली असंख्य वृत्तछायाचित्रं काढली गेली. कोणत्या मापाला गंभीर मानायचं हे काळागणिक बदलत गेलं आहे. तो मान आपल्या कॅमेऱ्याला मिळाला नाही म्हणून हळहळण्याचं कारण नाही.

आता स्टुडिओवाल्यांच्या प्रस्तावाबद्दल. इथे मला तुम्हालाच एक प्रश्न विचारायचा आहे. कॅमेरा महाग आहे म्हणून त्याने कमवून द्यायलाच हवं, हे कुठून आलं? घरात टीव्ही आला, मिस्टरांची मोटरसायकल आली, तेव्हा त्यांनी पैसे वसूल करून द्यावेत असं कोणी म्हटलं नसणार. बाईची हौस असली की तिच्यापुढे हिशोबाची वही उघडते, आणि ती बहुधा आपणच उघडतो. लग्नाची फोटोग्राफी हे चांगलं, मेहनतीचं काम आहे. ते तुम्हाला मनापासून करायचं असेल तर जरूर करा. पण पत्रात तुम्ही लग्नाबद्दल एकही उत्साहाचा शब्द लिहिलेला नाही. दशावताराबद्दल दीड पान लिहिलंय. आपल्याकडे जत्रांचा हंगाम कार्तिकापासून सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. लग्नाचा सीझनही तोच. दोन्हीसाठी लागणाऱ्या रात्री आणि सुट्ट्या एकच आहेत. लग्नं धरलीत तर ज्या नाटकांसाठी कॅमेरा घेतला तीच सुटतील. शिवाय शाळेच्या नोकरीत असताना बाहेरचं पैशाचं काम करायला परवानगी लागते. त्याची चौकशी कार्यालयात आधी करा, स्टुडिओवाल्यांच्या शब्दावर जाऊ नका.

एक मात्र मान्य करते. पैसे घेऊन कोणाचं लग्न टिपायचं असेल तर एकाच मेमरी कार्डवर काम करणं धोक्याचं. तुमच्या बॉडीत एकच खाच आहे. दोन कार्डांची बॉडी हे त्या कामासाठी खरं कारण ठरेल, आणि तेव्हाही कार्डाच्या दोन खाचा आहेत का ते नीट तपासा. काही हलक्या, स्वस्त फुल फ्रेम बॉडींमध्येही एकच असते.

तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आलं आहे आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटली. "७०-३०० मध्ये आत एक पांढरा धागा दिसतो, पावसाळ्यात कॅमेरा कपाटात कपड्यांच्या खाली असतो." ताई, तो धागा बुरशीचा असण्याची शक्यता मोठी आहे. लेन्स काढून, मागून मोबाइलचा टॉर्च मारून समोरून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ दिसली तर ती बुरशी. फोटोतला धुरकटपणा काही अंशी तिच्यामुळेही असू शकतो. ती लेन्स आजच बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि चांगल्या दुरुस्तीवाल्याला दाखवा. साफ करण्याचा खर्च लेन्सच्या किमतीच्या जवळ जात असेल तर करू नका.

आपल्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कपाट, बॅग, चामड्याची केस, काहीही सुरक्षित नाही. कापड आणि चामडं तर ओल धरून ठेवतात. रबरी कडा असलेला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवा. साठच्या वर बरेच दिवस राहिला की बुरशी धरते. अगदी तीसच्या खालीही नको, आतलं वंगण आणि रबर सुकतं. नारिंगी जेल हिरवट झालं किंवा निळं गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं. तो तवा मात्र स्वयंपाकाला वापरू नका. रोज बाहेर काढणं होत नसेल तर निदान पंधरा दिवसांनी डबा उघडा, झूम फिरवा, थोडे फोटो काढा. रापणीवरून आल्यावर बॉडी आणि लेन्सचं बाहेरचं अंग किंचित ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडं करा, मीठ नुसत्या कोरड्या कापडाने ओढलं तर चरे पडतात. आणि वाळूवर उभं राहून लेन्स बदलू नका. दीड लाखाची बॉडी आणून त्याच कपाटात ठेवली तर दोन पावसाळ्यांत तिचीही तीच गत होईल. म्हणून माझ्या हिशोबात डबा पहिला, लेन्स दुसरी.

यानंतरही फुल फ्रेम मनातून जात नसेल, तर एका जत्रेपुरता भाड्याने आणून बघा. कोल्हापूर, गोवा, पुणे इथे कॅमेरे आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. अनामत आणि ओळखपत्र मागतात, घेताना काचेवरचे आणि सेन्सरवरचे डाग दुकानातच तपासून घ्या. सोबत एफ १.८ ची लेन्सही मागा, झूम नको. एकाच नाटकात आलटून पालटून दोन्ही कॅमेरे वापरा: तुमचा डी ५६०० तुमच्या ५० वर, आणि भाड्याचा त्याच्या लेन्सवर. घरी आल्यावर मोबाइलवर तुलना करू नका, तिथे दोन्ही सारखेच चांगले दिसतील. प्रत्येकातले दोन-दोन फोटो बारा बाय अठरा इंचावर छापून घ्या. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो तीनशे डीपीआयने (इंचाला तीनशे ठिपके) वीस बाय तेरा इंचापर्यंत सहज जातो, त्यामुळे तुमच्या कॅमेऱ्यावर यात अन्याय होत नाही. छापील फोटो ज्यांनी नाटक पाहिलंय अशा दोघा-तिघांसमोर ठेवा आणि कोणता कुठला ते सांगू नका.

त्या प्रिंटमध्ये तुम्हाला स्वतःला फरक दिसला तर तो घेण्याजोगा फरक आहे. काही गोष्टींत तो दिसेलही: अंधाऱ्या कडांतले तपशील जास्त स्वच्छ असतील, आणि मिररलेसचा पात्राच्या डोळ्यावर आपोआप बसणारा फोकस हातात आला की तुमच्या बॉडीतले ३९ फोकस बिंदू जुने वाटायला लागतील. बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनवर मात्र भुलू नका. ते तुमचा हात थरथरला तर उपयोगी पडतं, राजा नाचला तर नाही.

घ्यायचंच ठरलं तर वापरलेली बॉडी बघायला हरकत नाही. शटर किती वेळा चाललंय ते विचारा, बिल आणि वॉरंटी कार्ड भारतातलंच आहे ना ते पाहा, आणि समुद्राकाठच्या माणसाकडून घेत असाल तर बॅटरीच्या कप्प्यातले धातूचे पट्टे हिरवे झालेत का ते नक्की बघा. किट झूम घेऊ नका. नुसती बॉडी, अॅडॉप्टर आणि तुमची ५०, एवढ्याने सुरुवात होते. डी ५६०० आणि ७०-३०० विकू नका. लेन्स साफ होऊन आली की पक्ष्यांसाठी तीच जोडी राहू दे.

पैशांचं आता सोपं होतं. पडवीच्या छपराला तारीख आहे, पाऊस कोणासाठी थांबत नाही. ते काम आधी करून टाका. डबा, जेल आणि लेन्स यांचे पैसे बाजूला काढा. उरलेली रक्कम पुढच्या जत्रांचा हंगाम संपेपर्यंत बँकेत राहू दे. या काळात कॅमेऱ्याच्या किमती वाढल्या तरी थोड्या वाढतील, जुन्या बाजारात बहुधा उतरतीलच. भाड्याचा कॅमेरा आणि प्रिंट पाहून ठरवाल तेव्हा ती रक्कम तिथेच असेल. ईएमआय मात्र नको. छंदाचा हप्ता सुरू झाला की प्रत्येक जत्रेला गेलंच पाहिजे असं वाटायला लागतं, आणि ज्या दिवशी अंग दुखतं त्या दिवशीही कॅमेरा उचलावा लागतो.

राहिला शोभण्याचा प्रश्न. शोभतं, ताई. तुम्ही मिळवलेले पैसे आहेत, तुम्ही साठवलेले आहेत, आणि एका गावातली, एका काळातली दशावताराची नाटकं तुम्ही न चुकता टिपून ठेवता आहात. मिस्टरांना लग्नाच्या ऑर्डरची सबब सांगून कॅमेरा आणू नका. त्यांच्यापुढे छपराचा खर्च, लेन्सचा खर्च आणि उरलेली रक्कम असे तीन आकडे कागदावर ठेवा. मग त्यांना एकदा सोबत जत्रेला घेऊन जा, त्यांचा फोन त्यांच्या हातात द्या आणि नाचणाऱ्या राजाचा एक फोटो काढायला सांगा. तुमच्या ५० ने काढलेला त्याच्या शेजारी ठेवा. पुढचं बोलणं तिथून सुरू करा.